साडेपाचशे मीटर उंचीवरची खारफुटी

रावजीकाकांनी तीन वर्षं सांभाळलेली खारफुटी मेली. पाचशे चार झाडं, एका महिन्यात, एकही मागे राहिलं नाही.

असं काही झालेलं नाही. वरची दोन वाक्यं वाचली असतील तर विसरून जा. कागदोपत्री ती खारफुटी आजही चौऱ्याऐंशी टक्के जिवंत आहे, आणि मी अकरा महिन्यांच्या करारावर असल्यामुळे कागदाशी वाकडं घ्यायची माझी ऐपत नाही. तेव्हा झाडं हिरवीगार आहेत असं धरून चालू आणि पहिल्यापासून सांगतो.

कोकणातल्या एका खाडीवर पूल बांधायचा होता. खाडीच्या काठाने खारफुटी होती, म्हणजे खाऱ्या चिखलात पाय रोवून भरतीच्या पाण्यात उभी राहणारी झाडं. पूल आणि झाडं एका जागी मावत नाहीत असं बैठकीत ठरलं. झाडांच्या वतीने बैठकीला कुणी नव्हतं. नियम असा की खारफुटी तोडली तर तेवढी दुसरीकडे लावून द्यायची. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे शोधायचं काम एका संगणकाकडे दिलं. त्याला अटी सांगितल्या: जमीन सरकारी पाहिजे, मोकळी पाहिजे, खारी पाहिजे आणि पाणथळ पाहिजे. समुद्र जवळ पाहिजे ही अट घालायची राहून गेली, कारण ती वेगळी घालावी लागेल असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. संगणकाने इमानदारीने अख्खं राज्य धुंडाळलं आणि निफाडच्या अलीकडे, कालव्याच्या पाझराने बिघडलेली, वर मिठाचा पांढरा थर आलेली अडीच एकर चोपण जमीन काढून दिली.

तिथून समुद्र सरळ रेषेत दीडशे किलोमीटर. मध्ये सह्याद्री.

आमच्या नाशिक कार्यालयाच्या अधिकारी योगिनी मॅडम यांनी वरच्या कार्यालयाला फोन केला. मी शेजारीच बसलो होतो.

"सर, नाशिकला समुद्र नाहीये."

पलीकडून जे आलं ते मॅडमनी नंतर मला सांगितलं. "हे तुमच्या जिल्ह्याने आधी कळवायला हवं होतं."

असा प्रकल्प सुरू झाला. माझं नाव धम्मपाल. पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करून मी या प्रकल्पावर सहायक म्हणून लागलो होतो. आठवड्यातून एकदा नाशिकहून एसटीने निफाडकडे जायचं, झाडांचे फोटो काढायचे, तक्ते भरायचे आणि परत यायचं. झाडं जगवणं माझ्या कामात येत नव्हतं. ते रावजीकाकांकडे होतं.

रावजीकाका बावीस वर्षं आमच्याकडे रोजंदारीवर होते. त्याआधी ते लोकांच्या द्राक्षबागांत छाटणीला जायचे. निफाडकडे छाटणीचा हात ही काही साधी गोष्ट नाही. काडी कितव्या डोळ्यावर कापायची हे ते बांधावर उभे राहून सांगायचे, आणि बागायतदार मुकाट्याने ऐकायचे. सरकारी कागदात मात्र त्यांचं नाव फक्त हजेरीपटावर होतं. बाकी सगळ्या अहवालांत ते "मजूर (एक)" होते. बावीस वर्षांत दुसरा मजूर कधी मंजूर झाला नाही, तरी कंसातला एक कायम राहिला. रावजीकाका तेवढे कायम झाले नाहीत.

त्या वर्षी परिपत्रक आलं. ज्या मजुराने सांभाळलेली लागवड तिसऱ्या वर्षाच्या तपासणीत ऐंशी टक्के जिवंत निघेल, त्याला कायम करण्याचा प्रस्ताव पाठवावा. वय अठ्ठावन्नच्या आत. रावजीकाकांचा जन्म एक जूनचा, कारण त्यांच्या शाळेतल्या गुरुजींनी अख्खा वर्ग एक जूनला जन्माला घालून टाकला होता. हिशोब केला तर तिसऱ्या वर्षाची तपासणी नोव्हेंबरात येत होती आणि त्यापुढच्या जूनमध्ये त्यांना अठ्ठावन्न पूर्ण होत होती. म्हणजे संधी एकच, आणि तीसुद्धा समुद्राच्या झाडांवर. त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता.

"दर्याचा रखवालदार म्हणे!" त्यांच्या बायको बायडाबाई मला चहा देताना म्हणाल्या. "गोदावरीचं पाणी घोट्याला लागलं तरी देवाचं नाव घेतो ह्यो माणूस."

"तू गप," रावजीकाका म्हणाले. "कायम झालो की समद्या कागदावर नाव येनार हाय. पुरं नाव. बापाच्या नावासकट."

"मंग माजं बी घाला की त्यात. घरी कायम म्याच हाय."

जुलैत ट्रकमधून रोपं आली. सहाशे, सगळी तिवराची. तिवर ही खारफुटीतली सगळ्यात सोशिक जात, पाणी गोडं असलं तरी कुरकुरत का होईना जगते, असं पुस्तकात आहे. रावजीकाकांनी एक पान उलटं केलं, बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

"धम्मपालभाऊ, ह्याच्या पानाला मीठ सुटलंय."

"सुटणारच, काका. हे झाड मुळातून मीठ घेतं आणि पानातून बाहेर टाकतं."

"मंग घेतंच कशाला?"

माझ्याकडे पदव्युत्तर पदवी होती. उत्तर नव्हतं.

द्राक्षवाल्या माणसाला पानावरचं मीठ बघवत नाही. द्राक्षाच्या पानाची कड खारटाने जळायला लागली की बाग गेली असं धरतात. रावजीकाका पहिले दोन महिने रोज सकाळी सहाशे रोपांची पानं फडक्याने पुसायचे. झाड रात्रीतून परत मीठ टाकायचं. शेवटी त्यांनी हार मानली, पण मनापासून नाही. येता-जाता एखादं पान पुसूनच टाकायचे.

पाण्यात मीठ मिसळावं का, असं मी एकदा सुचवून पाहिलं. त्यांनी फावडं खाली ठेवलं.

"जमिनीत मीठ टाकायचं? आपल्या हातानं? त्यापरीस मला हिरीत ढकला, भाऊ."

विषय संपला. चोपण जमिनीत मुळात होतं तेवढ्या खारटावर झाडांनी भागवावं असं ठरलं.

भरती-ओहोटीचा प्रश्न राहिला. आराखड्यात दिवसातून दोन भरत्या लिहिलेल्या होत्या. आम्ही जमिनीभोवती बांध घातला आणि कालव्याच्या चारीला, म्हणजे शेतात येणाऱ्या पाटाला, मोटर लावली. मोटर चालली की भरती, बांधाचं तोंड फोडलं की ओहोटी. शेतीची थ्री-फेज लाइट कधी दिवसा असायची, कधी रात्री, कधी रोहित्र जळालं म्हणून तीन दिवस नसायचीच. कोकणातली भरती चंद्रावर चालते. आमच्याकडे वायरमनवर होती. योगिनी मॅडमनी भरतीचं वेळापत्रक मागितलं तेव्हा मी लिहून दिलं, "भरती: लाइट आल्यावर. ओहोटी: रावजी आल्यावर." ते मंजूर झालं.

सगळ्यात अवघड होता वन्यजीवांचा तक्ता. तो किनाऱ्यावरच्या लोकांनी किनाऱ्यासाठी बनवलेला. दर तीन महिन्यांनी भरायचा. रकाने असे: खेकडे, निवट्या, कोळंबीची पिल्लं, शिंपले, समुद्री साप, खंड्या, बगळे, पाणमांजर, कोल्हा. निवटी म्हणजे चिखलावर परांनी सरपटत चालणारा मासा. पाण्याबाहेर येऊन बसतो आणि डोळे वटारून बघतो. खारफुटी बरी आहे की नाही ते निवटी असण्यावरून कळतं, असं तक्त्याच्या मागे छापलेलं होतं. पहिल्या वर्षी मी प्रत्येक रकान्यात "निरंक" लिहिलं.

रावजीकाकांना ते लागलं. "समदं निरंक कसं, भाऊ? म्या दिवसभर हितंच असतो ना?"

"तुमचा रकाना नाहीये, काका."

वरून स्मरणपत्र आलं. निवट्या निरंक असण्याची कारणं सात दिवसांत सादर करावीत. मी लिहिलं, "निवट्यांना कसारा घाट चढणे शक्य झालेले नाही." यावर पुन्हा पत्र आलं नाही. म्हणजे कारण पटलं असावं.

पण दुसऱ्या वर्षी गंमत झाली. झाडं कमरेएवढी झाली आणि हळूहळू कोण कोण यायला लागलं. आधी बेडूक. मग चारीतले काळे खेकडे बांधाला बिळं पाडून आत शिरले. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात तिवराची पिवळी पानं पडायची, ती ओढून बिळात न्यायचे. कुंपणाच्या तारेवर एक खंड्या येऊन बसायला लागला. नांदूर मध्यमेश्वरच्या धरणाकडून शेकाटे आले, लांब लाल पायांचे, आपल्याला इथे कुणी बोलावलंय का याची खात्री नसल्यासारखे चालणारे. रावजीकाका शाळकरी वहीत नोंद ठेवायला लागले. "खंडूबा आला. सकाळ." "लाल तंगड्याचे चार." "खेकडा, मोठा, माझ्याकडं बघितलं." मी हे सगळं तक्त्यात चढवलं. पहिल्यांदाच निरंक कमी झाले, आणि त्या दिवशी रावजीकाकांनी मला शेजारच्या बागेतला द्राक्षाचा घड आणून दिला. बागवाल्याला विचारलं होतं का, ते मी विचारलं नाही.

तिसरं वर्ष लागलं. ऑक्टोबर आला. ऑक्टोबरात निफाड तालुक्यात एकच विषय असतो, छाटणी. पारावर, एसटीत, दवाखान्यात, लोक कात्रीशिवाय दुसरं बोलत नाहीत. त्या दिवसांत एका दुपारी रावजीकाकांचा फोन आला. मी कॉलेज रोडवर मिसळ खात होतो आणि माझं सगळं लक्ष तर्रीकडे होतं. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढे कुठल्याच अहवालात ते नाही.

"भाऊ, झाडाच्या खालून फुटवं लय आलंय."

"किती?"

"मोजायची सोय नाय. जिकडं बघावं तिकडं. पेन्सिलीवानी सरळ वर. पान नाय, फांदी नाय. नुसतं झाडाचा जीव खातंय."

द्राक्षाच्या वेलाला खाली जमिनीतून फुटवा आला तर तो काढायचाच असतो. तो खालच्या जंगली खुंटाचा असतो. त्याला द्राक्षं लागत नाहीत, वरच्या वेलाचं अन्न तेवढं खातो. निफाडातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं.

"मग काढून टाका," मी म्हणालो. "पुढच्या महिन्यात तपासणी आहे. जरा स्वच्छ दिसेल." आणि पाव सांगितला.

रावजीकाका हयगय करणारा माणूस नव्हता. पेठकडून छाटणीला आलेली बारा जणांची टोळी त्यांनी एका दुपारसाठी मागून घेतली. बारा कात्र्यांनी सगळी अडीच एकर जमिनीबरोबर कापून काढली. मी दोन दिवसांनी गेलो तेव्हा चिखल सारवलेल्या अंगणासारखा दिसत होता. मधून मधून झाडं. मी बावीस फोटो काढले. इतकी टापटीप खारफुटी जगात दुसरीकडे कुठे नसेल, असं मी म्हणालोसुद्धा. ते खरंही होतं.

परतीच्या एसटीत ओझरच्या आसपास मला अचानक एम.एस्सी.चा पेपर आठवला. प्रश्न क्रमांक तीन, ब. "श्वसनमुळे म्हणजे काय? आकृतीसह स्पष्ट करा." मला पाचपैकी चार गुण होते. आकृतीला नावं द्यायची राहिली होती. आकृतीत चिखल होता, आणि चिखलातून वर येणाऱ्या पेन्सिली होत्या.

मी फोन लावला.

"काका, ते फुटवे नव्हते."

"मंग?"

"नाक होतं. चिखलात हवा नसते. म्हणून ती मुळं वर येतात आणि झाड त्यांच्यातून श्वास घेतं."

पलीकडे मोटरीची घरघर ऐकू येत होती.

"भाऊ," रावजीकाका म्हणाले, "आत्ता भरती चालू हाय."

"बंद करा!"

मोटर बंद झाल्याचं मला एसटीत ऐकू आलं. शेजारच्या प्रवाशाने विचारलं, कुणी गेलं का? मी म्हणालो, अजून नाही.

पुढचे आठ दिवस आम्ही जे केलं ते कुठल्या पुस्तकात नाही. बांध चारी बाजूंनी फोडला, पाणी काढून दिलं, चिखल वाळून भेगा पडाव्यात म्हणून उन्हाची वाट पाहिली. ऊन नेमकं आलं नाही. मग रावजीकाकांना सुचलं. जुन्या बागांतून काढून टाकलेल्या ठिबकच्या काळ्या नळ्या बांधाबांधावर पडलेल्या असतात. त्यांनी त्या गोळा केल्या, वीत-वीतभर कापल्या आणि कापलेल्या प्रत्येक मुळाजवळ एक नळी चिखलात खोचायला सुरुवात केली. नळीला भोकं असतातच. त्यातून पाणी बाहेर येतं तर हवा आत का जाणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. मला तो खोडता आला नाही. बायडाबाईही आल्या. तिघांनी मिळून किती खोचल्या ते मोजलं नाही. पाठ दुखते आहे एवढंच कळत होतं.

"आधी नाकं कापली, आता नळ्या घालताय," बायडाबाई वाकल्या वाकल्या म्हणाल्या. "ह्या झाडांनी कोनाचं काय वाईट केलं होतं, एकदा इचारा त्यांला."

रावजीकाका एक नळी परत परत सरळ करत होते.

नोव्हेंबरात तपासणी आली. किनाऱ्यावरच्या कार्यालयातून खारफुटीच्या जाणकार शहनाज मॅडम आल्या होत्या, अलिबागकडच्या. पन्नाशीच्या, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात काठी. योगिनी मॅडम गाडीतून उतरल्या त्या त्यांच्या मागे. अडीच एकरांत झाडं उभी होती, पानं पिवळी पडायला लागलेली, आणि त्यांच्याभोवती हजारो काळ्या प्लॅस्टिकच्या नळ्या आकाशाकडे तोंड करून.

शहनाज मॅडमनी काठीने एक नळी हलवून पाहिली.

"ही स्थानिक पद्धत आहे," योगिनी मॅडम म्हणाल्या. कार्यालयाची बाजू घेणं त्यांना भागच होतं.

शहनाज मॅडम चिखलात उकिडव्या बसल्या. एक नळी उपटली, डोळ्याला लावली आणि तिच्यातून रावजीकाकांकडे पाहिलं.

"मुळं कुणी कापली?"

मी आदल्या दिवशीच उत्तर तयार ठेवलं होतं. गुरांनी. शेजारच्या वस्तीवरची मोकाट गुरं. गुरांची चौकशी होत नाही. मी तोंड उघडलं, पण रावजीकाका आधी बोलले.

"म्या कापली, बाई. टोळी लावून. अन् नळ्या बी म्याच लावल्या."

"कुणी सांगितलं कापायला?"

"कोनी नाय. माझाच हात."

माझा करार तीस नोव्हेंबरला संपत होता आणि नूतनीकरणाची फाईल योगिनी मॅडमच्या टेबलावर होती. मी म्हणालो, "मी फक्त फोटो काढले." हे वाक्य व्याकरणदृष्ट्या खरं आहे. त्या दिवसानंतर मला मिसळ पूर्वीसारखी लागत नाही. पण त्याला कारण तेल बदललं हेही असू शकेल.

शहनाज मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी झाडाच्या सालीवर नखाने ओरखडा काढला, खाली हिरवं दिसलं, पुढच्या झाडाकडे गेल्या. अशा सहाशेच्या सहाशे जागा त्या फिरल्या. रावजीकाका मागोमाग. मीही, वही घेऊन.

"ज्यांच्या बदल्यात ही लावली," रावजीकाकांनी मध्येच विचारलं, "ती झाडं तुमी बघितली होती का?"

"तोडली तेव्हा मी तिथेच होते. मोजायला." त्यांनी आणखी एक साल खरवडली. "आमच्या गावाजवळचीच खाडी. लहानपणी आम्ही तिथे चिंबोऱ्या धरायचो. ओहोटीला बघितलं तर चिखल नुसता हलतो, इतके खेकडे. पडलेला पाला बिळात ओढतात, तिथे तो कुजतो, त्याच्यावर कोळंबीची पिल्लं वाढतात. मुळांच्या जाळीत मोठा मासा शिरू शकत नाही ना, म्हणून लहान पिल्लं तिथेच येतात. समुद्रात पकडतात त्यातली किती मासळी आधी तिथे वाढलेली असते, हे कोळणींना विचारा. वादळ आलं की लाट आधी झाडांत मोडते, मग गावात येते. आता सरळ येईल."

"अन् चिखल?" मी विचारलं. मला एक गुण कमी पडला होता, तो भरून काढावा असं वाटलं.

"चिखलात शेकडो वर्षांचा पाला गाडलेला असतो. हवा नसते म्हणून पुरता कुजत नाही. यंत्राने उकरला की सगळा धूर होऊन हवेत जातो. हळूहळू. दिसत नाही."

रावजीकाका थांबले. "मंग खेकडं कुठं गेली तिकडची?"

"खेकड्यांच्या पर्यायी जागेचा रकाना नव्हता फॉर्ममध्ये."

"नसतोच," रावजीकाका म्हणाले. या बाबतीत त्यांचा अनुभव होता.

मोजणी संपली. सहाशेपैकी पाचशे चार झाडांची साल आतून हिरवी. चौऱ्याऐंशी टक्के. योगिनी मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मी रावजीकाकांकडे. ऐंशीच्या वर. म्हणजे झालं. म्हणजे पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.

"जगतील का?" रावजीकाकांनी विचारलं.

"नाही."

"किती दीस?"

"महिना. फार तर."

शहनाज मॅडमनी गाडीच्या बॉनेटवर फॉर्म ठेवून दोन्ही लिहिलं. आकड्याच्या रकान्यात आजचा आकडा, आणि शेऱ्यात, श्वसनमुळे छाटली गेली असून एकही झाड वाचणार नाही. जाताना त्यांनी एक नळी खिशात घातली. कशाला, ते सांगितलं नाही.

वरच्या कार्यालयात शेऱ्याचा रकाना उघडत नाही. फक्त आकडा उघडतो. चौऱ्याऐंशी टक्के जिवंत लागवड ग्राह्य धरण्यात आली आणि पुलाची फाईल पूर्ण झाली.

डिसेंबर संपेपर्यंत सगळी पानं गळली. खेकडे काही दिवस पाला ओढत राहिले, त्यांची चैन झाली. मग पाला संपला. खंड्या तारेवर दोन दिवस बसून गेला. मी गेलो तेव्हा बायडाबाईंनी चहा दिला आणि काहीच टोमणा मारला नाही. तेव्हा मला प्रकरण किती पुढे गेलंय ते कळलं.

जानेवारीत योगिनी मॅडमनी रावजीकाकांना नाशिकला बोलावलं. प्रस्ताव तयार होता. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं टाइप केलेलं. खाली एक प्रमाणपत्र: सदर लागवड आजमितीस जिवंत आहे. त्याच्याखाली सहीची जागा.

"सही करा, रावजी," मॅडम म्हणाल्या. त्या मनापासून म्हणत होत्या. बावीस वर्षांत त्यांच्या जागी सात अधिकारी होऊन गेले होते आणि एवढं टाइप कुणीच केलं नव्हतं. "आकडा वर मंजूर झालाय. बघायला कुणी येणार नाही. फोटो ऑक्टोबरचा लावू, धम्मपालने चांगले काढलेत."

रावजीकाकांनी पेन घेतलं. टोपण काढलं. कागदावरचं स्वतःचं नाव बोटाने वाचलं, एकेक अक्षर.

"मॅडम, सही केली तर मला कोनाचा रखवालदार करनार?"

"त्याच लागवडीचा. कांदळवन रक्षक. कायम."

"म्हंजी रोज सकाळी जाऊन सरपनाची राखन करायची."

"रावजी, कागदावर ती जिवंत आहेत."

"व्हय. पन हजेरी तर मला तितं लावायची हाय ना? कागदावर उभं ऱ्हाता येत नाय, मॅडम."

त्यांनी टोपण लावून पेन परत ठेवलं, सरळ, टेबलाच्या कडेला समांतर. मॅडमनी खिडकीबाहेर बघितलं, तिथे पार्किंग आहे.

आता परिस्थिती अशी आहे. पुलाच्या फाईलीत झाडं जिवंत आहेत, कारण आकडा मंजूर झालाय. रावजीकाकांच्या फाईलीत झाडं मेलेली आहेत, कारण त्यांनी जिवंत असल्याची सही दिली नाही. दोन्ही फाईली एकाच खोलीत शेजारशेजारच्या टेबलांवर आहेत, वर पंखाही एकच आहे. मी दोन्ही टेबलांवर विचारून पाहिलं. दोघंही म्हणाले, आमच्याकडची माहिती बरोबर आहे.

बाहेर पडल्यावर रावजीकाका सीबीएसला एसटीची वाट बघत उभे राहिले. मी सोबत होतो.

"काका, कापायला मी सांगितलं होतं," मी म्हणालो.

"ठावं हाय की. फोनवर तुमीच व्हता."

"मग तेव्हा बोलला का नाही?"

"तुमच्या हातात कात्री व्हती का?" त्यांनी निफाडच्या एसटीची पाटी वाचायचा प्रयत्न केला. "तुमची मराठी सरकारी हाय, भाऊ. एक अर्ज लिवून द्या. मी सांगतो तसा, पन त्यांच्या भाषेत."

त्यांनी सांगितलं. मी एसटी स्टँडच्या बाकावर बसून ते त्यांच्या भाषेत केलं. खाली सही माझीही आहे, साक्षीदार म्हणून. योगिनी मॅडमनी तो आवक केला, शिक्का मारला, आणि कुठल्या टेबलावर पाठवायचा ते ठरेना म्हणून स्वतःच्या खणात ठेवला. मजकूर असा:

*विषय: मूळ खारफुटी परत मिळणेबाबत.*

*महोदय,*

*मी खाली सही करणार असा अर्ज करतो की, आपल्या खाडीतील खारफुटीच्या बदल्यात माझ्या ताब्यात दिलेली सहाशे झाडे मेली आहेत. शहाण्णव आधी मेली. पाचशे चार मी अज्ञानाने श्वसनमुळे छाटल्यामुळे मेली. याबाबत गुरांचा किंवा अन्य कोणाचा दोष नाही. बदली माल खराब निघाल्यास मूळ माल परत देण्याची रीत बाजारात आहे. त्या रीतीस अनुसरून सदर खाडीवरील पूल उचलून घेण्यात यावा व मूळ झाडे, त्यांचे आधीचे वय कायम ठेवून, खेकडे, निवट्या, कोळंबीची पिल्ले व गाडलेल्या पाल्यासह होती त्या जागी उभी करण्यात यावीत. हवेत गेलेला पाला परत आणणेबाबत संबंधितांना आदेश व्हावेत. तेथील राखणीसाठी माझी नेमणूक रोजंदारीवर केली तरी हरकत नाही. झाडाचे नाक कोणते ते आता मला ओळखता येते. सदरची कार्यवाही, त्या गावात पुढचे वादळ येण्यापूर्वी, कार्यालयीन वेळेत पूर्ण करून मिळावी ही विनंती.*